एकदाच आलेले शब्द

'प्लीज' हा शब्द आमच्या चाळणीला अजिबात आवडत नसे. 'डियर' त्याहून नाही. ज्या ई-मेलमध्ये हे दोन्ही असतील त्याचं काही खरं नव्हतं. याउलट 'रिस्पेक्टेड सर' दिसलं की चाळणी निमूट वाट सोडायची. 'पगार', 'हजेरी', 'सेवाज्येष्ठता', 'जयभीम', 'एच.एम.' हे सगळे तिच्या लेखी सज्जन शब्द. यात तिचा दोष नव्हता. तिला हे मीच शिकवलं होतं आणि मला ते हिंगोली जिल्ह्याने शिकवलं होतं. आमच्याकडे कामाच्या पत्रात कुणी कुणाला 'प्लीज' म्हणत नाही, आणि 'डियर' म्हणून सुरुवात करणारा माणूस हटकून काहीतरी विकायला आलेला असतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी हिंगोलीत एका शिक्षण संस्थेच्या कार्यालयात टायपिंगसाठी लागलो. घर पुसेगावला. सकाळच्या एसटीने यायचं, संध्याकाळच्या एसटीने जायचं. नेमणुकीचा आदेश अकरा महिन्यांचा, आणि दर वर्षी नवा. प्रश्नपत्रिका आणि पगारपत्रकं टाइप करण्यात तीन-चार वर्षं गेली. मग एक दिवस टेलिफोनच्या तारेतून कार्यालयात इंटरनेट आलं. कॉम्प्युटर नीट चालू-बंद करता येणारा मी एकटाच, त्यामुळे सगळ्या संस्थेचा ई-मेल आपसूक माझ्या गळ्यात पडला.

संस्थेच्या शाळा जवळा बाजारला, डोंगरकड्याला, आणखी दोन-चार खेड्यांत. शाळांमध्ये इंटरनेट नव्हतं. शिक्षकांच्या नावाने ई-मेलचे डबे होते, पण ते उघडायचे आमच्याच कॉम्प्युटरच्या खोलीत. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की मंडळी कार्यालयाची कामं घेऊन हिंगोलीला यायची आणि जाता जाता माझ्या दारात डोकवायची. "आमचं काही हाय का?" एवढाच प्रश्न असायचा.

सुरुवातीच्या वर्षात डब्यांमध्ये इतका कचरा साचायला लागला की कामाचं पत्र सापडेना. वजन कमी करायच्या गोळ्या, परदेशी लॉटऱ्या, बँकेत अडकलेली संपत्ती घेऊन आपल्यालाच शोधणारी कुठलीतरी श्रीमंत विधवा. जवळा बाजारचे मुख्याध्यापक एकदा खरोखरच त्या विधवेला उत्तर टाइप करायला बसले होते. तेव्हा मी पुस्तकं वाचून ती चाळणी बसवली.

तिची रीत साधी होती. तिच्याकडे शब्दांची एक वही असते. प्रत्येक शब्दापुढे दोन आकडे, चांगल्या मेलमध्ये तो किती वेळा आला आणि कचऱ्यात किती वेळा. शेजारी शेवटची तारीख. नवा मेल आला की चाळणी त्याचे शब्द सुटे करते, वहीत प्रत्येकाची पत बघते आणि ठरवते: चांगला, कचरा, किंवा सांगता येत नाही. जे सांगता येत नाही ते वेगळ्या ढिगात थांबतं. मग माणसाने, म्हणजे मी, एकेक उघडून सांगायचं, बाई, हा चांगला, हा वाईट. त्यावरून ती शिकते. शिकून झालेला कचरा पुसला जातो, त्याचे शब्द तेवढे वहीत राहतात.

ऐकायला सोपं आहे. करायला लागलं की जीव मेटाकुटीला येतो. कचरा पाठवणारे रोज नवी युक्ती काढायचे, आणि मी रोज त्यांच्या मागे. वीज तर दिवसातून कितीतरी तास नसायची. वहीत लिहिणं चालू असताना बॅटरी संपली की वहीच फाटायची आणि आठवडाभराची शिकवणी पाण्यात. मग जपून ठेवलेल्या जुन्या मेलांवरून पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. लोकांना वाटायचं मी खुर्चीत बसून असतो. मी दिवसभर गोळ्या आणि लॉटऱ्या वाचत असे. घरी बायको म्हणायची, "दिवसभर काय करून राहिले तुमी, इतकं थकायला?" काय सांगणार, की मशीनला वाचायला शिकवतोय?

त्या वहीत सगळ्यात बदनाम शब्द 'कॉंग्रॅच्युलेशन्स'. त्याच्यापुढे कचऱ्याचा आकडा हजारोंत आणि चांगल्याचा शून्य. आमच्या संस्थेत ई-मेलवरून कुणी कुणाचं कधी अभिनंदन केलंच नव्हतं. त्याला चाळणी काय करणार?

कार्यालयातले हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, या प्रकाराकडे लांबून बघायचे. निवृत्तीला आलेले, जाड भिंगाचा चष्मा, टपाल हा त्यांचा धर्म. कार्यालयात आलेला कागद आधी आवक रजिस्टरमध्ये चढायचा, त्याला नंबर पडायचा, शिक्का बसायचा, मगच तो माणसाच्या हातात. आणि जे आवकमध्ये चढलं त्याला जावकमध्ये उत्तर गेलंच पाहिजे, ही त्यांची दुसरी शिस्त. पत्ता धड नसलेली, कुणाची ते कळत नसलेली पत्रं ते फाडत नसत. लाल कापडाच्या एका बस्त्यात बांधून ठेवत. दर शनिवारी तो बस्ता टेबलावर सोडत आणि आल्या-गेल्याला विचारत, "हे तुमच्या गावचं दिसते का, बघा बरं." दोन-दोन वर्षं जुनी पोस्टकार्डं होती त्यात. मी त्यांची टिंगल करायचो. म्हणायचो, बडेबाबू, यातली निम्मी माणसं आता वरच्या पत्त्यावर गेली असतील.

एकदा ते माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "तुझा बस्ता दाखव."

मी त्यांना संशयाचा ढीग दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघितलं.

"हे बराबर हाय," ते म्हणाले. "कळलं न्हाई तर थांबायचं. फक्त रोज सोडून बघत जा."

पहिली दोन वर्षं मी बघितलंही, इमानदारीने, एकेक मेल उघडून. तिसऱ्या वर्षी नुसते विषय वाचायला लागलो. चौथ्या वर्षी विषयाचे पहिले दोन शब्द. कामाला सरावणं म्हणतात ते हेच असावं.

डोंगरकड्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम त्याच चौथ्या वर्षी माझ्याकडे यायला लागल्या. बौद्ध घरातल्या, आईवडील मजुरी करणारे, घरात पहिल्या शिकलेल्या त्याच. नोकरी सांभाळून त्यांनी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. त्यांना नाद होता कोळ्यांचा, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांचा. डोंगरकड्याच्या केळीच्या बागांमधून फिरून त्यांनी कोळ्यांच्या नोंदींच्या सात वह्या भरल्या होत्या. शाळेतली पोरं काडीपेटीत कोळी घालून आणायची आणि मॅडम त्यांना नावं सांगून पुन्हा बागेत सोडायला लावायच्या. केळीवाले आधी हसायचे. नंतर तेच विचारायला लागले की मॅडम, औषध मारावं का राहू द्यावं.

दक्षिणेकडच्या एका मोठ्या संशोधन केंद्रात शिक्षकांसाठी जागा निघाली होती. तीन वर्षं पगारी रजेवर राहून संशोधन करायचं. अर्ज संस्थेमार्फतच करायचा आणि बोलावणंही संस्थेच्याच ई-मेलवर येणार. अर्ज मीच टाइप केला आणि मीच पाठवला. पाठवून झाल्यावर त्या उठल्या नाहीत. पदराशी चाळा करत बसल्या.

"सर, यंदा न्हाई झालं तर मग कदीच न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षी वयात बसत न्हाई मी."

"होईल मॅडम. आलं की लगेच कळवतो."

"फोनवर भरवसा नका ठेवू. शाळेचा फोन बंदच राहते. मीच येत जाईन."

आणि त्या येत गेल्या. शनिवारी शाळा सुटली की डोंगरकड्याहून कळमनुरी, कळमनुरीहून हिंगोली, मिळेल त्या गाडीने. दारात उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. चप्पल दाराबाहेर काढून ठेवायच्या, जणू कॉम्प्युटरची खोली म्हणजे विहार.

"सर, माझं काही आलं का?"

"न्हाई मॅडम."

त्या पावसाळ्यात जिल्हाभर सांधे आखडवणाऱ्या तापाची साथ होती. चिकनगुनिया. पुसेगावात घरटी एक माणूस भिंत धरून चालत होता. मी बारा दिवस अंथरुणावर होतो. ताप उतरला, पण बोटांचे सांधे सुजलेले. भाकरीचा तुकडा मोडताना डोळ्यांत पाणी यायचं. कामावर परत आलो तो दिवस शनिवारच होता, आणि संशयाचा ढीग चारशेच्या वर गेला होता.

मी उघडायला सुरुवात केली. एक मेल उघडायला माउसचं बटण दोनदा दाबायचं, बंद करायला एकदा. तर्जनीतून कळ थेट कोपरापर्यंत जायची. पहिले चाळीस-पन्नास बघितले, सगळा कचरा. गोळ्या, लॉटरी, गोळ्या, कर्ज, विधवा. तेवढ्यात लाइट गेली आणि बॅटरी किरकिरायला लागली. माझ्या हातात पंधरा-वीस मिनिटं होती, नाहीतर वही फाटणार. मी उरलेला सगळा ढीग एकदम निवडला आणि चाळणीला सांगितलं, हा कचरा. तिने बिचारीने शिकून घेतलं. ढीग पुसला गेला. मी सर्व्हर नीट बंद केला आणि डोळे मिटून खुर्चीत बसलो.

बोटं सुजली होती हे खरं. लाइट गेली हेही खरं. पण खोटं कशाला सांगू, लाइट असती आणि बोटं धड असती तरी त्या दिवशी मी तेच केलं असतं. मला कंटाळा आला होता. इतक्या वर्षांचा साचलेला कंटाळा होता तो.

अंधाऱ्या खोलीच्या दारात चप्पल काढल्याचा आवाज आला.

"सर, बरं हाय का आता? माझं काही आलं का?"

मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "आलं असतं तर तुमच्या डब्यात पडलं असतं मॅडम. काही न्हाई आलं."

त्यानंतर त्या आणखी पाच शनिवार आल्या. पाचही वेळा मी पडद्यावरून मान न काढता 'न्हाई' म्हणालो. शेवटी शेवटी तर त्यांनी विचारायच्या आधीच म्हणायचो.

दिवाळीच्या सुट्या लागायच्या आधी वहीची छाटणी करायची माझी पद्धत होती. वही फुगत जाते. त्यात निम्म्याहून जास्त शब्द असे असतात जे एकदाच आले आणि पुन्हा कधी आले नाहीत, त्यांचा काही उपयोग नसतो. ते काढून टाकले की चाळणी हलकी होते. छाटणीआधी मी आपल्या गावांची नावं बघून घ्यायचो, चुकून काही बिघडलेलं नाही ना एवढ्यासाठी. गावांची नावं कचऱ्यात कधीच येत नाहीत. गोळ्या विकणाऱ्या परक्या माणसाला आमची खेडी कुठून माहीत असणार?

पुसेगाव, कचऱ्यात शून्य. जवळा बाजार, शून्य. डोंगरकडा, एक.

मी तो एक बघत राहिलो. आधी वाटलं, कुणीतरी गंमत म्हणून पुढे ढकललेला एखादा मेल असेल. तरी खात्री करून घ्यायची ठरवली. वहीतले एकदाच आलेले शब्द मी तारखेने लावले. मी तापातून उठून आलो त्या शनिवारची तारीख काढली. शे-दोनशे शब्द निघाले. बहुतेक गोळ्यांची विचित्र नावं. त्यांच्या मधेमधे, बाजारात चुकलेल्या लेकरासारखे, काही शब्द उभे होते. स्पायडर. बनाना. प्लँटेशन. झूलॉजी. फील्डनोट्स. टेस्टिमोनियल्स.

केळीतले कोळी विकायला कुणी ई-मेल पाठवत नाही.

सर्व्हरवर एक दुसरी नोंदही असते, कुठला मेल कुठून, किती वाजता आला त्याची. मजकूर नसतो तिच्यात. ती काढून बघितली. माझ्या तापाच्या दिवसांत, एका मंगळवारी सकाळी, त्या संशोधन केंद्राच्या पत्त्यावरून एक मेल आला होता. चाळणीने त्याला कचरा म्हटलं नव्हतं. 'कळत नाही' म्हणून थांबवून ठेवला होता. 'डोंगरकडा' होतं, ते चांगलं. 'सिलेक्टेड', 'प्लीज' असलं काही असणार, ते वाईट. तिने तिचं काम केलं होतं आणि मला विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.

समोरच्या एसटीडी बूथवरून मी संशोधन केंद्राला फोन लावला. तिकडच्या बाईंनी इंग्रजीत शांतपणे सांगितलं की मुलाखती होऊन गेल्या, नावांची यादीही लागली. उमेदवार आला नाही म्हणजे त्याला नको असेल असं आम्ही धरतो, असंही त्या म्हणाल्या.

मी बडेबाबूंसमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते बस्त्याची गाठ सोडत होते, ती सोडतच राहिले.

"तुला मी रोज सोडून बघ म्हनलं व्हतं," ते म्हणाले.

"मॅडमना न सांगितलं तर? तसंही आता काही होणार न्हाई."

"काहून न सांगायचं? डाक आपल्या दारात आली व्हती. दारात आली म्हंजे आपली झाली काय? ती त्यायची." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "शनिवारी येतील ना त्या? मग शनिवारी सांग."

त्या शनिवारी मी सकाळपासून वाक्यं जुळवत होतो. चपला दाराबाहेर वाजल्या आणि जुळवलेलं सगळं गेलं. मी उठून उभा राहिलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्यासाठी उभा राहिलो, आणि त्यावरूनच त्यांना काहीतरी कळलं असावं.

"मॅडम, आत या. बसा."

बसल्या. मी सांगितलं. बोटांचं सांगितलं नाही, लाइटचंही नाही. पत्र आलं होतं, माझ्यापर्यंत येऊन थांबलं होतं आणि मी न वाचता पुसलं, एवढंच सांगितलं.

त्यांनी पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे आलं व्हतं."

"आलं होतं."

"मला वाटून राहिलं व्हतं, माझाच अर्ज तेवढ्या लायकीचा नसंल." त्यांनी पडद्याकडे हात केला. "दाखवा."

"पत्र न्हाई मॅडम. त्याचे शब्द आहेत फक्त."

"तेच दाखवा."

मी ते पंधरा-सोळा शब्द पडद्यावर काढले. अक्षरांच्या क्रमाने लागलेले, त्यांना ना आगा ना पिछा. त्या खुर्ची पुढे ओढून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागल्या. बनाना. फील्डनोट्स. पुढे ओठांतल्या ओठांत वाक्यं जुळवत होत्या. या वह्या बरोबर आणा म्हणाले असतील. दाखले दाखवा म्हणाले असतील. राहायची सोय केली असेल. सात वह्या घेऊन ती बाई त्या केंद्राच्या दारापर्यंत जाऊन येत होती आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो.

मग त्यांनी मान वर केली. "सर, कॉंग्रॅच्युलेशन्स व्हतं का त्यात?"

मी यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवली.

"मुलाखतीला निवडलं म्हंजे आधी तसं लिहितात ना? यात दिसत न्हाई."

"यात फक्त एकदाच आलेले शब्द आहेत मॅडम. तो शब्द कचऱ्यात हजारो वेळा आलेला आहे. त्यात तुमचा एक वाढला असला तरी आता ओळखता येत न्हाई."

"असंल तरी न्हाई सांगता येणार?"

"न्हाई."

त्यांनी डोळे पुसले. माझ्यासमोर लपवलं नाही. मीही दुसरीकडे बघितलं नाही, तेवढी तरी शिक्षा मला हवी होती. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण त्याने मलाच बरं वाटलं असतं.

"हे शब्द आता काढून टाकता तुमी?" त्यांनी विचारलं. छाटणीचं मी बोलता बोलता सांगून गेलो होतो.

"तसा नियम आहे."

"राहू द्या. तेवढंच हाय ते."

पुढे जितकी वर्षं ती चाळणी माझ्याकडे होती, तितकी वर्षं छाटणी करताना ते पंधरा-सोळा शब्द मी वगळत आलो.

मॅडम उठल्या तेव्हा बडेबाबू दारात उभे होते. त्यांनी मला त्या शब्दांची छापील प्रत काढायला लावली. ती त्यांनी टेबलावर नेली, आवक रजिस्टर उघडलं, नंबर घातला, शिक्का मारला. विषयाच्या रकान्यात लिहिलं: मुलाखतीचे पत्र, मजकूर तुटक, उशिरा नोंद. मग मॅडमकडून सही घेऊन प्रत त्यांच्या हातात दिली. मॅडमनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

"आवक चढलं," बडेबाबू मला म्हणाले. "आता जावक लिही."

केंद्राला पत्र लिहायचं होतं, की उमेदवाराची चूक नाही, फेरविचार व्हावा. मी टाइप केलं, 'तांत्रिक कारणामुळे पत्र उमेदवारास मिळू शकले नाही.' बडेबाबूंनी लाल पेनाने ती ओळ खोडली.

"तांत्रिक म्हंजे कोन?"

माझा अकरा महिन्यांचा आदेश पुढच्याच महिन्यात संपत होता आणि या पत्रावर संस्थेच्या सचिवांची सही लागणार होती. हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. मी वर लिहिलं, 'आमच्या संगणक चालकाच्या चुकीमुळे.' सचिवांनी सही करताना माझ्याकडे एकदा रोखून बघितलं. आदेश मात्र पुन्हा मिळाला. दुसरं कोण होतं त्या खोलीत बसायला?

मॅडमनी शनिवारी येणं बंद केलं. मी मात्र संशयाचा ढीग रोज दोनदा सोडून बघायला लागलो, एकेक मेल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बोटं दुखायची. दुखू दिली.

दीड महिन्याने केंद्राचं उत्तर त्याच ढिगात आलं. चाळणीला तेही कळलं नव्हतं. चार ओळींचं, सभ्य भाषेत. आपल्या पत्राची नोंद घेतली, झालेल्या गोष्टीचा खेद आहे, परंतु निवड पूर्ण झाली आहे आणि पुढील वर्षी उमेदवार वयाच्या अटीत बसत नाही.

मी छापून घेतलं. बडेबाबूंनी नंबर घातला, शिक्का मारला. "शनिवारी पाठवू शाळेच्या डाकेच्या थैल्यातून," ते म्हणाले. मी म्हणालो, मी घेऊन जातो. तो बुधवार होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कळमनुरीला गाडी बदलली आणि दुपारी डोंगरकड्याला उतरलो. एवढी वर्षं काम करत होतो, पण त्या रस्त्याने मी कधी गेलो नव्हतो. दर शनिवारी ही बाई एवढं अंतर 'न्हाई' ऐकायला यायची, हे त्या खड्ड्यांमधून हाडं खिळखिळी होताना कळत गेलं.

मॅडम सातवीच्या वर्गावर होत्या. मला दारात बघून बाहेर आल्या. हाताला खडू लागलेला. मी कागद दिला. काय आहे ते त्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असणार, तरी उभ्या उभ्या पूर्ण वाचला, वरच्या शिक्क्यासकट. आत पोरांचा कालवा चालला होता.

त्यांनी कागदाची घडी घातली.

"हे मात्र बराबर पोचवलंत, सर," त्या म्हणाल्या, आणि वर्गात गेल्या.